वायबुल पेपरवर रेघ मोडली: माल एक की दोन? (मिश्र वितरणाची चाचणी)

टॉर्करेंच (धागाकर्ता) | सोम, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. भोसरीत पंपांच्या मेकॅनिकल सीलची (फिरत्या दांड्यापाशी गळती रोखणारा भाग) लाइफ टेस्ट बघतो. या खेपेला साठ सील रिगवर (चाचणीच्या मांडणीवर) चढवले. ठरलेले तास झाल्यावर रिग बंद केली. तोवर जे गळले ते फेल्युअर, उरलेले सस्पेन्शन.

आयुष्यं वायबुल पेपरवर (आयुष्यं वायबुल नावाच्या वितरणात बसत असली की बिंदू सरळ रेघेत पडतात, असा आलेख) मांडली तर सरळ रेघ येईना. सुरुवातीचे थोडे बिंदू झपकन वर चढले, मग रेघ जवळजवळ आडवी झाली, पुढे पुन्हा चढली. आमच्या साहेबांनी बघता क्षणी निकाल दिला: सप्लायरने दोन प्रकारचा माल मिसळलाय, पत्र काढा.

सॉफ्टवेअरही त्यांच्याच बाजूने आहे. एका वायबुलचं लॉग-लाइकलिहूड (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याचं माप) आणि दोन वायबुलच्या मिश्रणाचं लॉग-लाइकलिहूड, यांच्या फरकाची दुप्पट ८.६ आली. एका वायबुलला पॅरामीटर दोन, मिश्रणाला पाच, म्हणजे तीन जास्तीचे. काय-वर्गाच्या तक्त्यात तीन डिग्री ऑफ फ्रीडमला ५ टक्क्यांची सीमा ७.८१ आहे. ती ओलांडली. पी-व्हॅल्यू, म्हणजे माल एकच असताना योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक येण्याची शक्यता, ०.०३५.

पत्र गेलं की पुरवठादाराशी वाजणार, आणि तो विचारणार की कशावरून म्हणता. तेव्हा तीन प्रश्न. ही चाचणी बरोबर आहे का? नसेल तर काय करायचं? आणि खरंच दोन जाती असतील तर सगळे सील आधी बर्न-इन करून (वापरण्याआधी काही तास चालवून) कच्चे गाळून टाकावेत का?

मूषकराज | सोम, रात्री १०:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अनुमानकाका येतीलच.

नऊ_सिग्मा | सोम, रात्री १०:३१

रेंचभाऊ, आकडेमोडीआधी एक गोष्ट. 'दोन जाती' आणि 'दोन कारणं' या दोन वेगळ्या भानगडी आहेत. प्रत्येक सीलला फेस (घासणारा पृष्ठभाग) झिजूनही मरण आहे आणि ओ-रिंग (रबरी कडं) कडक होऊनही, जे आधी येईल ते, ही झाली स्पर्धक कारणं. तिथे हॅझर्डची (त्या त्या क्षणी बिघडण्याच्या दराची) बेरीज होते आणि वायबुल पेपरवर रेघ पुढे पुढे जास्त उभी होत जाते. मिश्रणात काही सील जन्मतःच वेगळे असतात. ते थोडे असले आणि लवकर मरणारे असले की रेघ आधी चढते, कच्चे संपले की आडवी होते, मग चांगले झिजायला लागले की पुन्हा चढते. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराचं वाटतंय. पण गळलेले सील उघडून पाहिलेत का कुणी? लवकर गेलेल्यांचे फेस आणि उशिरा गेलेल्यांचे फेस शेजारी शेजारी ठेवा. सॉफ्टवेअरला एक तास देता तर मायक्रोस्कोपला अर्धा तरी द्या.

अनुमानकाका | सोम, रात्री ११:२०

आलो, आलो.

रेंचराव, ८.६ ची तुलना ७.८१ शी करू नका. तो तक्ता इथे लागूच होत नाही. सॉफ्टवेअरवाले सर्रास छापतात, म्हणून तो बरोबर ठरत नाही.

लाइकलिहूड रेशोच्या दुपटीला काय-वर्ग लावायचा हा निकाल विल्क्सचा, १९३८ सालचा. त्याला अटी आहेत. शून्य गृहीतक (इथे 'माल एकच आहे') खरं असताना पॅरामीटर आपापल्या क्षेत्राच्या आत हवेत, काठावर नकोत. आणि प्रत्येक पॅरामीटर डेटावरून ओळखता यायला हवा. मिश्रणात दोन्ही अटी एकदम मोडतात. 'माल एकच आहे' याचा अर्थ दुसऱ्या जातीचा वाटा शून्य. वाटा शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणजे आपण काठावर उभे. आणि वाटाच शून्य असेल तर त्या दुसऱ्या जातीचं आयुष्य १०० तास की १०,००० तास, याला अर्थच उरत नाही. कोणताही आकडा घाला, लाइकलिहूड तेवढंच राहतं. गंमत म्हणजे त्याच शून्य गृहीतकाला दुसरीकडूनही पोचता येतं. वाटा निम्मा-निम्मा ठेवा, पण दोन्ही जातींचे पॅरामीटर सारखेच ठेवा. म्हणजे शून्य गृहीतक हा एक बिंदू नाहीच, पॅरामीटरच्या अवकाशात पसरलेला अख्खा प्रदेश आहे.

नुसता काठाचा प्रश्न असता तर निभावलं असतं. चर्नॉफने १९५४ मध्ये ते सोडवलं: एकच पॅरामीटर काठावर असेल तर हा स्टॅटिस्टिक (ती फरकाची दुप्पट) निम्म्या वेळा शून्य आणि निम्म्या वेळा एक डिग्रीचा काय-वर्ग. सीमा ३.८४ ऐवजी २.७१. खरा घोळ ओळख हरवण्याचा आहे. हार्टिगनने १९८५ साली दाखवलं की दोन नॉर्मलच्या मिश्रणात सरासरीवर काही बंधन घातलं नाही, तर नमुना वाढेल तसा हा स्टॅटिस्टिक अनंताकडे जातो. फार संथ जातो, पण जातो. तो लेख संख्याशास्त्रज्ञ नेमॅन आणि कीफर यांच्या सन्मानार्थ निघालेल्या बर्कली ग्रंथातला, आणि त्याच ग्रंथात आपल्या जयंतकुमार घोष आणि प्रणवकुमार सेन यांचा लेख आहे. पॅरामीटर मर्यादित क्षेत्रात बांधले आणि दोन घटकांत अंतर राखलं तर स्टॅटिस्टिकला मर्यादा मिळते, पण ती काय-वर्ग नसते. एका गॉसियन प्रक्रियेच्या कमाल किमतीवर बेतलेली असते आणि प्रश्न बदलला की बदलते. छापील तक्ता कशाचा करणार?

वायबुलची तर आणखी एक खोड आहे. एका घटकाचा स्केल (आयुष्याची पातळी ठरवणारा पॅरामीटर) बरोबर एखाद्या गळलेल्या सीलच्या आयुष्याइतका ठेवा आणि बीटा (आकाराचा पॅरामीटर; जितका मोठा तितकी आयुष्यं एका जागी गोळा) वाढवत न्या. त्या बिंदूवरची घनता बीटाच्या प्रमाणात वाढत जाते, तिला छत नाही. म्हणजे दोन वायबुलच्या लाइकलिहूडला खरी कमाल किंमतच नाही. सॉफ्टवेअरने दिलेली 'कमाल' म्हणजे वाटेत जिथे तो थांबला ते टेकाड. तुमच्या पहिल्या घटकाचा बीटा किती आला?

अवांतर: ही डोकेदुखी १८९४ पासूनची आहे. प्राणिशास्त्रज्ञ वेल्डनने नेपल्सहून आणलेल्या खेकड्यांच्या मापांतून दोन नॉर्मल वेगळे काढायला कार्ल पिअर्सन नवव्या घाताचं समीकरण घेऊन बसले होते. हाताने.

टॉर्करेंच | मंगळ, सकाळी ८:१२

काका, बीटा दोन आकडी आलाय. आणि त्या घटकाचा वाटा इतका कमी, की त्यात जेमतेम दोन-तीन सील बसतात. रात्री तुमचा प्रतिसाद वाचून ते बघितलं आणि झोप उडाली.

पण साहेबांना गॉसियन प्रक्रियेची कमाल किंमत कशी सांगू? दोन वाक्यांत काही मिळेल का?

अनुमानकाका | मंगळ, सकाळी ८:४०

सांगा, की मिश्रणाला वाटेल तिथे घटक उभा करायची मोकळीक असते. माल एकच असला तरी साठ आकड्यांत कुठे ना कुठे योगायोगाने तीन आकडे जवळ येतात, आणि मिश्रण नेमकं तिथेच जाऊन बसतं. तक्ता या शोधाशोधीची किंमत धरतच नाही.

कोडकीटक | मंगळ, दुपारी १:१५ (इथे श्टुटगार्टात सकाळ आहे)

तक्ता नाही तर स्वतः तयार करायचा. मॅकलॅक्लनने १९८७ मध्ये हेच मांडलं, पॅरामेट्रिक बूटस्ट्रॅप. तुमच्या डेटावर एक वायबुल बसवा. त्याच वायबुलमधून साठ खोटी आयुष्यं काढा आणि तुमच्याच तासांवर रिग बंद करा, म्हणजे सस्पेन्शनही तशीच पडतील. या खोट्या डेटावर आधी एक वायबुल बसवा, मग दोन, आणि फरकाची दुप्पट लिहून ठेवा. हे ९९९ वेळा. त्यातले किती ८.६ किंवा वर गेले ते मोजा, एक मिळवा, १००० ने भागा. ती तुमची पी-व्हॅल्यू.

त्याच लेखातल्या सिम्युलेशनमध्ये, दोन नॉर्मलचे व्हेरियन्स वेगवेगळे ठेवले तर स्टॅटिस्टिक साधारण सहा डिग्रीच्या काय-वर्गासारखा वागताना दिसतो. नॉर्मलमध्येही जास्तीचे पॅरामीटर तीनच आहेत बरं का. सहा डिग्रीची ५ टक्के सीमा १२.५९. तुमची केस वायबुलची, शिवाय सस्पेन्शन आहेत, म्हणून हा आकडा उचलून लावू नका. पण ८.६ कुठल्या पातळीवर असू शकतो याचा अंदाज येईल.

करताना लोक जिथे आपटतात ते सांगतो. मिश्रण बसवायला बहुतेक जण ईएम अल्गोरिदम वापरतात (डेम्पस्टर, लेअर्ड, रुबिन, १९७७). तो जवळच्या टेकाडावर चढून बसतो, शिखर शोधत नाही. म्हणून प्रत्येक डेटावर वीस-पंचवीस वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करायची. बीटाला वर बंधन घालायचं, आणि ते बंधन डेटा बघायच्या आधी, सीलच्या माहितीवरून ठरवायचं. खऱ्या डेटावर मन लावून पन्नास सुरुवाती आणि खोट्यावर घाईत एक, असं केलं तर खरा डेटा आपोआप 'विशेष' दिसतो. हे मी छापून आलेल्या कामांतही पाहिलंय. आणि दोन वायबुलचं लाइकलिहूड एकापेक्षा कमी आलं तर तो डेटाचा गुण नाही, तुमचा ईएम अडकलाय; पुन्हा चालवा.

मूषकराज | मंगळ, दुपारी १:२२

एवढं कशाला, एआयसी (मॉडेल निवडायचा निकष, जास्तीच्या पॅरामीटरना दंड लावतो) काढा की. ज्याचा कमी तो जिंकला.

अनुमानकाका | मंगळ, दुपारी २:०५

मूषकराव, एआयसीमागचं गणितही त्याच अटींवर उभं आहे ज्या मोडल्या म्हणून आपण इथे बसलोय. जास्तीच्या तीन पॅरामीटरना तो सहा गुणांचा दंड लावतो. रेंचरावांच्या ८.६ ला तो आनंदाने 'दोन' म्हणेल. बीआयसी या तशाच दुसऱ्या निकषाची बाजू थोडी बरी. केरिबिनने २००० मध्ये दाखवलं, की ठराविक अटींत तो घटकांची संख्या अखेरीस बरोबर पकडतो. अखेरीस म्हणजे नमुना मोठा होत गेल्यावर. साठ सीलांत 'अखेरीस' येत नाही.

पठारावरचा | मंगळ, संध्या ६:३०

मी वाचनमात्र होतो, पण एक बाळबोध शंका. आमच्या जनरेटरच्या नोंदींत बिघाडाचा दर सुरुवातीला जास्त आणि मग कमी होत जातो. म्हणजे यंत्र वापरून सुधारतं असं समजायचं का?

अनुमानकाका | मंगळ, रात्री ९:४५

शंका बाळबोध अजिबात नाही, हिच्यावर अख्खा लेख आहे. फ्रँक प्रोशन, बोइंगची संशोधन प्रयोगशाळा, १९६३, टेक्नोमेट्रिक्स. बोइंग ७२० विमानांच्या वातानुकूलन यंत्रणा: दोन बिघाडांमधले उड्डाणाचे तास. सगळ्या विमानांचे आकडे एकत्र केले की बिघाडाचा दर घटताना दिसतो. एसी वापरून सुधारत नाही हे कुणीही सांगेल. प्रोशनचं स्पष्टीकरण असं: प्रत्येक विमानाचा दर आपापल्या जागी स्थिरच आहे, म्हणजे आयुष्यं घातांकी; पण विमानागणिक दर वेगळा. एकत्र केल्यावर वाईट विमानांचे बिघाड आधी येऊन जातात, लांबच्या तासांपर्यंत पोचतात ते चांगल्यांचे. घातांकी वितरणांचं मिश्रण केलं की दर घटतोच. हे सिद्ध होतं, अनुभवावर सोडलेलं नाही.

हाताने करून बघा. १०० पैकी १० नगांचं सरासरी आयुष्य १०० तास, ९० नगांचं २००० तास, दोन्ही घातांकी. सुरुवातीचा दर तासाला ०.००१४५. पाचशे तासांनी तो ०.०००५१ वर येतो, जवळजवळ एक तृतीयांश. एकही नग सुधारलेला नाही. पेटीतले डागी आंबे पहिल्या दोन दिवसांत निवडून टाकले की पुढे नासण्याचं प्रमाण घटतं, म्हणून उरलेला प्रत्येक आंबा दिवसेंदिवस ताजा होत नसतो.

पठारराव, तुमच्या नोंदींत जनरेटर एकच आहे की अनेक, ते आधी बघा.

कोडकीटक | बुध, दुपारी ३:४०

काकांनी प्रोशन काढलाच आहे तर बसून हिशेब केला. त्याच्या तक्त्यातली जास्त नोंदी असलेली चार विमानं घेतली. ७९०८: २३ नोंदी, सरासरी ९५.७ तास. ७९०९: २९ नोंदी, ८३.५. ७९१०: १५ नोंदी, १२१.३. ७९१२: ३० नोंदी, ५९.६. एकूण ९७ नोंदी, सरासरी ८४.८.

विमानाचा नंबर माहीत आहे तेव्हा चाचणी सरळ आहे. चारही सरासरी सारख्या विरुद्ध चार वेगळ्या. इथे काठ नाही, ओळख हरवत नाही, विल्क्स बिनधास्त चालतो. स्टॅटिस्टिक ५.८५, तीन डिग्री, पी-व्हॅल्यू ०.१२. म्हणजे चारांवरून 'वेगळी आहेत' असं ठामपणे म्हणता येत नाही! मला वाटलं होतं सहज म्हणता येईल. सगळ्यात चांगलं ७९१० आणि सगळ्यात वाईट ७९१२ एवढीच जोडी घेतली तर ५.३६, एक डिग्री, ०.०२१.

आता नंबर पुसून टाकले असं समजा. ९७ आकड्यांचा नुसता ढीग. घातांकी वितरणात वर्गांची सरासरी ही सरासरीच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट असते. दर मिसळले की ती त्याहून वाढते. ही वाढ मोजणारी चाचणी नेमॅनच्या सी-अल्फा घराण्यातली. वर्गांची सरासरी भागिले सरासरीच्या वर्गाची दुप्पट, त्यातून एक वजा, गुणिले नोंदींचं वर्गमूळ. इथे पहिलं गुणोत्तर १.२०, आणि झेड (नॉर्मल तक्त्यावर तोलायचा आकडा) आला १.९७. एका बाजूची पी-व्हॅल्यू ०.०२४.

नंबर असताना ०.१२ आणि नंबर पुसल्यावर ०.०२४? माहिती कमी केली आणि पुरावा वाढला, हे मला पटेना. कुणी सांगेल?

नऊ_सिग्मा | बुध, रात्री ८:१०

आधी ती जोडी बाजूला ठेव. चार विमानांत जोड्या सहा, तू आकडे बघून टोकाची निवडलीस. ०.०२१ ला सहाने गुण, ०.१२ च्या आसपासच येतं. तिथे काही नवं नाही.

दुसऱ्या कोड्याचं उत्तर बहुतेक हे. दोन चाचण्या वेगवेगळा प्रश्न विचारतायत. पहिली विचारते, विमानाविमानांत फरक आहे का. दुसरी विचारते, हा ढीग घातांकी आहे का, आणि नसण्याचं कारण काहीही असो. तुझं तेच गुणोत्तर एकेका विमानासाठी काढ बघू.

कोडकीटक | बुध, रात्री ८:५५

काढलं. ७९०८ ला १.२४, ७९१० ला १.२६, ७९१२ ला १.२०. फक्त ७९०९ ला ०.८५. म्हणजे तीन विमानांत पसारा विमानाच्या आतच जास्त आहे! एकेकट्यावर कशालाच सिद्ध म्हणता येणार नाही (७९१२ चा झेड १.११, पी-व्हॅल्यू ०.१३), पण ढिगातला जादा पसारा सगळा विमानाविमानांतल्या फरकातून आलेला नाही हे उघड आहे.

अनुमानकाका | बुध, रात्री १०:३०

शाब्बास. नऊ_सिग्माताईंनी नेमकं बोट ठेवलं. थोडी भर घालतो.

एक, तो १.९७ नॉर्मल तक्त्यावर तोलू नकोस. वर्गांची सरासरी उजवीकडे फार कलंडलेली असते, ९७ नोंदींना नॉर्मल अंदाज कच्चाच. इथेही घातांकी ढीग तयार करून सिम्युलेशन कर, ०.०२४ थोडा सरकेल.

दोन, प्रोशनच्या तक्त्यात काही ठिकाणी मोठ्या ओव्हरहॉलच्या खुणा आहेत. ओव्हरहॉलच्या आधीचा एसी आणि नंतरचा एसी एकाच दराने बिघडतो असं का धरायचं? विमानाच्या आतलं मिश्रण तिथूनही येऊ शकतं. मी म्हणतो येऊ शकतं, आलंच आहे असं नाही.

आणि ज्यासाठी हा सगळा प्रपंच: चाचणी नाकारते ती 'एक घातांकी' ही गोष्ट. 'म्हणून दोन जाती' हे आपण आपल्या पदरचं जोडतो. रेंचराव, तुमच्याकडेही हेच आहे. ८.६ उद्या १५ निघाला तरी सिद्ध काय होतं? एकच वायबुल बसत नाही, एवढंच. मूळ वितरण लॉगनॉर्मल असेल तरीही दोन वायबुल एकापेक्षा छान बसतील. वाकडी पण एकसंध रेघ दोन सरळ तुकड्यांनी जोडता येते म्हणून ती दोन होत नाही.

धातुकन्या | बुध, रात्री १०:५०

इतका वेळ गप्प होते कारण गणित माझ्या डोक्यावरून जातं, पण सीलच्या कार्बन फेसशी रोज गाठ असते. लवकर मेलेल्या फेसवर फोड दिसले तर मामला इम्प्रेग्नेशनचा (कार्बनची छिद्रं भरण्याचा) किंवा पाण्याच्या तापमानाचा. बारीक चिरा दिसल्या तर ड्राय रनिंग (पाण्याविना कोरडं चालणं) बघा, आणि ते सप्लायरचं पाप नव्हे, रिगचं! रिगवर साठच्या साठ एकाच वेळी चढले की दोन पाळ्यांत? ज्या स्टेशनवर कूलिंगची लाइन तुंबते तिथले सील नेहमी आधी मरतात, आणि त्यांची 'वेगळी जात' कागदावर सुंदर दिसते.

टॉर्करेंच | गुरु, रात्री ९:१५

धातुकन्याताई, दोन खेपांत चढले. स्टेशन नंबर रजिस्टरला आहेत. हे डोक्यातच आलं नव्हतं, उद्या लावून बघतो.

बूटस्ट्रॅप रात्रभर चालवला. कोडकीटकने सांगितलं तसं बीटाला वर बंधन आधी ठरवून, वीस सुरुवाती, सस्पेन्शन तशीच. बंधन घातल्यावर खऱ्या डेटाचाच ८.६ घसरून ७.४ झाला, आणि त्याची पी-व्हॅल्यू ०.२ च्या आसपास. साहेबांना काकांची दोन वाक्यं ऐकवली. पत्र तूर्त थांबलंय.

लॉट नंबरचं मात्र अवघड आहे. गोडाऊनला सील बॉक्समधून काढले की लॉटचं लेबल बॉक्सवरच राहतं आणि बॉक्स भंगारात. साठांपैकी निम्म्यांचाच लॉट सांगता येतो.

नऊ_सिग्मा | गुरु, रात्री ९:४०

निम्म्यांचा तर निम्म्यांचा. त्या तिसांवर लॉटप्रमाणे आणि स्टेशनप्रमाणे साधी तुलना करा. सस्पेन्शनसकट लॉग-रँक (गटागटांच्या आयुष्यांची तुलना करणारी चाचणी) चालेल. ज्यांचा लॉट कळत नाही तेही मिश्रणाच्या लाइकलिहूडमध्ये घेता येतात: लॉट कळलेल्यांना त्यांच्या गटाचं वितरण, बाकीच्यांना मिश्रण. थोडी नावं कळली तरी ओळख हरवण्याची भानगड बरीच आटोक्यात येते. १९५८ मध्ये मेंडेनहॉल आणि हेडर यांनी विमानांच्या रेडिओ ट्रान्समीटरवर केलं ते याच अंगाचं: बिघाड झाल्यावर यंत्र उघडून तो खरा बिघाड की नुसतीच तक्रार हे लिहिलेलं होतं, त्यामुळे दोन घातांकी घटक वेगळे काढणं सोपं झालं. आणि पुढच्या लॉटपासून सीलच्या रिटेनरवरच नंबर कोरून घ्या. लेझर मार्किंगला फार खर्च येत नाही.

पठारावरचा | गुरु, रात्री १०:००

जनरेटर अनेक होते. चार साइटचे. गप्प बसतो.

टॉर्करेंच | गुरु, रात्री १०:२०

बर्न-इनचं राहिलं. साहेब त्यावर अडून आहेत.

अनुमानकाका | गुरु, रात्री ११:०५

माझ्याच उदाहरणावर बघा. १० टक्के कच्चे, सरासरी १०० तास. ९० टक्के चांगले, सरासरी २००० तास. शंभर तास बर्न-इन केलं तर उरलेल्यांत कच्च्यांचा वाटा १० वरून ४.१ टक्क्यांवर येतो. दोनशे तास केलं तर १.६ वर. छान वाटतं ना? पण त्याच दोनशे तासांत चांगल्यांपैकी साडेनऊ टक्के तुम्ही स्वतःच मारलेत. हे उदाहरण घातांकी आहे. तुमचे सील झिजणारे आहेत, त्यामुळे चांगले इतक्या लवकर मरणार नाहीत, पण प्रत्येकाच्या आयुष्यातले दोनशे तास मात्र गेले. बर्न-इनचा हिशेब पूर्णपणे कच्च्यांचा वाटा आणि दोन आयुष्यांमधलं अंतर यांवर उभा असतो. हे दोन्ही आकडे तुमच्याकडे ज्या मिश्रणातून आलेत त्याची पी-व्हॅल्यू ०.२. त्यावर भट्टी पेटवू नका.

मूषकराज | गुरु, रात्री ११:१२

म्हणजे ०.२ आली म्हणून माल एकच आहे, साहेब चूक, सप्लायर संत. बरोबर?

कोडकीटक | शुक्र, दुपारी १२:३०

नाही रे. साठ नगांत ही चाचणी किती पकडू शकते ते आधी बघ. कच्चे खरोखर १० टक्के असतील तर साठात सरासरी सहा. पण नशिबाने तीन किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता जवळपास १४ टक्के आहे. तीन बिंदूंवर दुसरा वायबुल कोण सिद्ध करणार? पॉवर काढायची तर बूटस्ट्रॅप उलटा चालवावा लागेल: मिश्रण खरं धरून त्यातून खोटा डेटा काढायचा आणि चाचणी किती वेळा पकडते ते मोजायचं. साठ, शंभर वीस, अडीचशे नगांसाठी करून बघतो. घातांकीपुरतं बोलायचं तर चेन, चेन आणि काल्बफ्लाइश यांची २००१ ची सुधारित चाचणीही आहे. वाटा काठाकडे सरकला की दंड लावते, त्यामुळे चर्नॉफची २.७१ सीमा पुन्हा वापरता येते. दोन्ही पॅरामीटर बदलणाऱ्या वायबुलला ती तशीच लागत नाही, म्हणून इथे सिम्युलेशनच.

रेंच, तुझे दोन्ही घटकांचे पॅरामीटर आणि रिग बंद केल्याचे तास टाक. दोन्ही खेपांचे वेगवेगळे असतील तर वेगवेगळे.

टॉर्करेंच | शुक्र, संध्या ७:५०

वेगवेगळे आहेत. दुसरी खेप वीज गेल्यामुळे लवकर बंद झाली होती. मी सगळ्यांना एकच आकडा धरला नव्हता ना, ते बघून टाकतो. स्टेशनवार तक्ताही त्यातच जोडतो. पाच आणि सहा नंबरच्या स्टेशनवरचे सील बाकीच्यांपेक्षा आधी गेलेले दिसतायत, पण ते डोळ्यांनी बघून म्हणतोय, चाचणी अजून लावलेली नाही.

धातुकन्या | शुक्र, रात्री ८:०२

पाच आणि सहा एकाच कूलिंग लाइनवर आहेत का?